ग्रंथपालाचा दिवस : रंगनाथनांच्या पंचनियमांचे एक वाचन

ग्रंथालयशास्त्रावरील एका पुस्तकाचा परामर्श वाङ्मयीन मासिकाच्या पानांत कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरील इंग्रजी ग्रंथ मद्रास ग्रंथालय संघाने १९३१ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून तो ग्रंथपालनाच्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. आणि जे पुस्तक परीक्षेच्या निमित्ताने वाचले जाते त्याच्याकडे रसिक सहसा वळत नाहीत, हा आपल्याकडील जुना अनुभव आहे. पाच नियम पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात, आणि मूळ ग्रंथ कपाटात राहतो. पुस्तके वापरण्यासाठी असतात, असे पहिल्याच प्रकरणात बजावणाऱ्या पुस्तकाच्या वाट्याला हे यावे, ही खेदाची गोष्ट होय.

या ग्रंथाविषयी मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, विद्यापीठातील ग्रंथपालाच्या नित्याच्या कामाचे इतके सजीव दर्शन माझ्या वाचनात अन्य कोणत्याही पुस्तकात आलेले नाही. दुसरी ही की, त्या दर्शनात काम दिसते, पण काम करणारा माणूस मात्र हळूहळू दिसेनासा होतो. गुण आणि उणीव या दोहोंचे मूळ एकच आहे, असे मला वाटते.

कथा-कादंबऱ्यांतून ग्रंथालय आपल्याला पुष्कळदा भेटते. नायक-नायिकांची पहिली दृष्टभेट तेथे होते. एखादे जुने हस्तलिखित तेथे सापडते. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक वृद्ध गृहस्थ बोटाने शांततेची खूण करतो आणि कथानकातून निघून जातो. त्या गृहस्थाने सकाळपासून काय केले, हे लेखक सांगत नाही. त्याचा फारसा दोषही नाही. अध्यापकाच्या व्याख्यानात एक आरंभ आणि एक शेवट असतो. वैद्याच्या दिवसात जीवनमरणाचा प्रसंग असतो. ग्रंथपालाच्या दिवसात घटना म्हणून सांगता येईल असे जवळजवळ काही घडत नाही. आदल्या संध्याकाळी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर असतो. त्यांच्या तारखा ताडून पाहावयाच्या, कार्डे जागच्या जागी घालावयाची, पुस्तके फळ्यांवर परत पाठवावयाची. नवीन आलेले गठ्ठे सोडावयाचे, विक्रेत्याच्या बिलाशी नग जुळवावयाचे, दाखल नोंदवहीत अंक चढवावयाचा, ठरलेल्या पानांवर शिक्के मारावयाचे, पाठीवर चिठ्ठी डकवावयाची. परीक्षा जवळ आल्या की एकाच पुस्तकासाठी तीस हात पुढे येतात. एखादे प्राध्यापक महाशय दोन वर्षांपूर्वी नेलेला ग्रंथ परत करण्याचे नाव घेत नाहीत. त्यांना तिसरे स्मरणपत्र किती नम्र शब्दांत लिहावे, याचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात वाळवी, उन्हाळ्यात धूळ, आणि वर्षअखेरीस साठ्याची मोजदाद. एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेले की ते हरवल्यातच जमा. आणि ते सापडले, तर सापडण्याचा आनंद शोधणाऱ्यापुरताच असतो. अशा दिवसाची कथा कोणी आणि कशी लिहावी?

रंगनाथनांनाही आरंभी या दिवसात काही अर्थ दिसला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा या विषयाची त्यांची तयारी म्हणजे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील ग्रंथालयांवरील लेख वाचणे, एवढीच होती. वर्गातील विद्यार्थ्यांच्या गजबजाटातून ते एका निर्मनुष्य दालनात येऊन बसले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे परत गेले : मला पुन्हा शिकवू द्या. इंग्लंडला जाऊन या; आल्यावरही हेच वाटले तर अवश्य परत घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनमध्ये त्यांनी बर्विक सेयर्स यांच्यापाशी अध्ययन केले, अनेक ग्रंथालयांचे कामकाज डोळ्यांनी पाहिले, आणि १९२५ साली ते परतले ते ग्रंथपाल म्हणूनच. पुढची जवळजवळ दोन दशके ते मद्रासच्या त्या ग्रंथालयात होते. ज्या कामाला माणूस प्रथम कंटाळला आणि मग ज्याला त्याने आयुष्य वाहिले, त्या कामाविषयी तो लिहितो तेव्हा त्याच्या लेखणीत एक वेगळी निकड येते. वाचकाला पटवण्याआधी त्याने स्वतःला पटवलेले असते.

नियम पाचच आणि वरवर पाहता अगदी बाळबोध. पुस्तके वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव वस्तू आहे. पहिला नियम आपले गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांनी सहज बोलता बोलता सुचवला, असे रंगनाथनांनीच नमूद करून ठेवले आहे. असल्या साध्या विधानांवर मोठा ग्रंथ उभा करणे हे तर्कशास्त्राचे काम. परंतु रंगनाथनांनी त्यासाठी जी रीत निवडली ती तार्किकाची नाही, नाटककाराची आहे. त्यांचे नियम बोलतात, रुसतात, लढतात. दुसऱ्या नियमाच्या एका प्रकरणाला त्यांनी त्याचा संघर्ष म्हटले आहे आणि पुढच्या प्रकरणाला सरळ 'दिग्विजय' हा संस्कृत शब्द योजिला आहे. इंग्रजी ग्रंथात तो शब्द अनुवादाविना आला आहे. खर्चाची काटकसर आणि जागेची काटकसर या प्रतिपक्षाच्या बाजूने उभ्या राहतात, आणि नियम त्यांच्याशी वाद घालतात.

हे वाचताना पाश्चात्त्य शास्त्रीय ग्रंथांपेक्षा मला कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदया'ची आठवण अधिक होते. त्या अकराव्या शतकातील नाटकात विवेक आणि मोह हे राजे होऊन परस्परांवर चालून जातात. अमूर्त तत्त्वांना देह देऊन रंगभूमीवर आणण्याची ही आपली जुनी परंपरा आहे. रंगनाथनांनी ती जाणून उचलली की ती त्यांच्या अंगातच मुरलेली होती, हा प्रश्न बाजूला ठेवू. परिणाम मात्र स्पष्ट आहे. फळीची उंची किती असावी, ग्रंथालय किती वाजता उघडावे, खुर्च्या कशा असाव्यात, असल्या कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नांना या युक्तीने एकदम नैतिक वजन येते. फळी माणसाच्या हाताला पोचेल इतकीच उंच असावी, हा सुतारकामाचा तपशील. पण उंच फळी म्हणजे पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये उभा राहिलेला एक अडथळा, असे एकदा दाखवले की सुतारही या धर्मयुद्धातील एक योद्धा होतो.

या पद्धतीचा सर्वांत सुंदर आविष्कार चौथ्या नियमाच्या प्रकरणात आहे. वाचकाचा वेळ वाचवावा, हे सांगण्यासाठी रंगनाथन एका वाचकाच्या मागोमाग चालू लागतात. तो दारातून आत येतो तेथपासून पुस्तक घेऊन बाहेर पडतो तेथपर्यंत त्याची प्रत्येक पायरी ते न्याहाळतात. बंदिस्त पद्धतीच्या ग्रंथालयात तो तालिका चाळतो, चिठ्ठी लिहितो, खिडकीशी थांबतो. आतला माणूस जातो आणि पुस्तक नसल्याचे सांगत येतो. पुन्हा तालिका, पुन्हा चिठ्ठी. मुक्तद्वार पद्धतीत तोच वाचक फळीपर्यंत स्वतः जातो, एक पुस्तक शोधताना शेजारचे दुसरे उचलतो, आणि कधी कधी त्याला जे हवे आहे हे ठाऊकच नव्हते तेच त्याच्या हाती येते. वाट पाहणाऱ्या माणसाची अस्वस्थता लेखकाने येथे अचूक टिपली आहे. कागदी कार्ड, मार्गदर्शक पाटी, देवघेवीचा टेबल या निर्जीव वस्तू वाचकाच्या वाटेवर एकेक करून येतात आणि त्या वाटेमुळेच अर्थपूर्ण होतात. ग्रंथपालाच्या घटनाशून्य दिवसाची कथा कशी लिहावी, या प्रश्नाचे रंगनाथनांनी दिलेले उत्तर हे आहे : ती वाचकाच्या बाजूने लिहावी.

ग्रंथ निर्दोष आहे असे नाही. दिग्विजयाच्या प्रकरणात देशोदेशींच्या ग्रंथालयांची यादी इतकी लांबते की विजयी वीरापेक्षा वाचकच थकतो. नियमांचे संवाद आरंभी चटकदार वाटतात. पुढे पुढे कोण काय बोलणार हे आधीच कळू लागते, कारण येथे प्रतिपक्षाला जिंकण्याची संधी कधीच दिलेली नसते. परंतु हे दोष बाह्यांगाचे. खरी उणीव अधिक खोल आहे.

वाचकाच्या बाजूने कथा लिहिली की ग्रंथपाल हा त्या वाटेवरील एक सोय होऊन बसतो. रंगनाथनांना सेवकवर्गाचा विसर पडला, असे मुळीच म्हणता येणार नाही. पहिल्याच प्रकरणात त्यांनी ग्रंथपालाच्या दर्जासाठी, वेतनासाठी आणि प्रशिक्षणासाठी कळकळीने लिहिले आहे. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा पहारेकरी, ही समजूत मोडून काढण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण हा सारा युक्तिवादही नियमांच्या मुखाने येतो. ग्रंथपालाला चांगले वेतन का द्यावे? तर पहिल्या नियमाची तशी मागणी आहे म्हणून. त्याचे पाय दुखतात, त्याचे डोळे संध्याकाळी चुरचुरतात, त्याच त्याच प्रश्नाला चाळिसाव्यांदा उत्तर देताना त्याच्या स्वरात एक कोरडेपणा येतो, हे या ग्रंथात कोठे जाणवत नाही. नियमांना थकवा नसतो. आणि ज्या ग्रंथात नियमच पात्रे असतात, त्यात थकव्याला प्रवेश मिळत नाही.

ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही, हे मला एका प्रसंगाने कळले. १९७०च्या सुमारास मी दक्षिणेतील एका विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झालो. तेथील ग्रंथालयात मराठीची अडीच कपाटे होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा लोकांना असल्या अडीच कपाटांचे मोल वेगळे सांगावयास नको. त्या विभागाची राखण करणाऱ्या वृद्ध परिचराला मराठी येत नव्हते, देवनागरी अक्षरही लागत नव्हते. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी वाङ्मयाचा अंक ८९१.४६, त्या अंकावरून तो प्रत्येक पुस्तक बिनचूक जागी ठेवीत असे. ज्याला पुस्तकाचे नावही वाचता येत नाही, त्याच्या हातून ते पुस्तक योग्य शेजाऱ्यांत जाऊन बसते, हा वर्गीकरणाचा चमत्कार मी तेथे प्रथम प्रत्यक्ष पाहिला.

एकदा तालिकेत असलेला एक काव्यसंग्रह फळीवर मिळेना. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्या गृहस्थांनी मला स्वतः बोलावून तो हाती दिला. केल्टिक भाषांच्या वाङ्मयाची जी दोन-चार पुस्तके होती त्यांच्या शेजारी तो सापडला होता. पाठीवरच्या चिठ्ठीत ४ आणि ६ या आकड्यांची अदलाबदल झाली होती. मी चूक कोणाची म्हणून विचारले नाही; त्यांनीच आपण होऊन सांगितले. चिठ्ठ्या संध्याकाळी लिहीत असू, असे ते म्हणाले. दिवे मंद असत, आणि शेवटच्या तासाला आकडे आपोआप जागा बदलतात. पुस्तकाच्या अखेरच्या पानावरील तारखांचा कागद कोरा होता. ते घेतले गेल्यापासून एकाही वाचकाच्या हाती गेले नव्हते.

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा तिसरा नियम तेथे वर्षानुवर्षे मोडला गेला होता. आणि तो मोडणारा शत्रू काटकसरीही नव्हता, अज्ञानही नव्हते. तो एका माणसाचा दिवसाच्या शेवटच्या तासाचा शीण होता. रंगनाथनांच्या रणांगणावर या शत्रूला नाव नाही.

या संदर्भात दोन परदेशी लेखकांचे स्मरण होते. बोर्हेस हे अर्जेंटिनाचे थोर कथाकार सुमारे नऊ वर्षे ब्वेनोस आयरेसच्या एका नगरपालिका ग्रंथालयात दुय्यम नोकरीत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मन लावून पुस्तकांची नोंदणी केली, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन बजावले की, इतके काम करू नका, आमचे उणे दिसते. मग ते दिवसाचे काम तासाभरात उरकून तळघरात वाचीत-लिहीत बसू लागले. याच काळात, १९४१ साली, अनंत दालनांच्या ग्रंथालयाची त्यांची सुप्रसिद्ध कथा प्रकाशित झाली. त्या कथेत ग्रंथालय हेच विश्व झाले आहे. पण देवघेवीचा टेबल तेथे नाही. दुसरे फिलिप लार्किन. १९५५पासून १९८५ साली मृत्यू येईपर्यंत हे इंग्रज कवी हल विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. नव्या इमारतीची उभारणीही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. नोकरीच्या ओझ्याला त्यांनी मानगुटीवर बसलेल्या बेडकाची उपमा दिली आणि पुढे त्याच बेडकाशी समेट केल्याची कविताही लिहिली. थकवा येथे भरपूर आहे. पण तो कोणत्याही नोकरदाराचा आहे. त्या दोन्ही कवितांत पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी दिसत नाही. तिघांपैकी एकाने ग्रंथालयाचे स्वप्न लिहिले, दुसऱ्याने नोकरीचा शीण लिहिला, आणि काम जसे असते तसे, त्याच्या हेतूसह लिहिण्याचे श्रेय रंगनाथनांकडेच जाते. म्हणूनच त्यांच्याकडून अधिकाची अपेक्षा करावीशी वाटते.

ही अपेक्षा अवाजवी नाही, कारण शीण म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे संभवत नाही. मद्रास सोडल्यावर १९४५ ते १९४७ या काळात ते काशी हिंदू विद्यापीठात होते. तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण आणि तालिकीकरण त्यांनी एकट्याने केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोन वर्षांचे ७३० दिवस धरले आणि एकही सुट्टी घेतली नाही असे मानले, तरी दिवसाला १३७ पुस्तके होतात. तेरा तासांचा दिवस धरला तर एका पुस्तकाला सहा मिनिटेही पुरती मिळत नाहीत. तेवढ्या वेळात पुस्तक उघडावयाचे, मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रम पाहावयाचा, ग्रंथकाराला नेमके काय म्हणावयाचे आहे ते ओळखावयाचे, त्याचे विश्वातील स्थान एका अंकाने ठरवावयाचे, आणि दुसरे उचलावयाचे. यांतील एकशे छत्तिसाव्या पुस्तकाच्या वेळी त्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या मनात काय होते? त्यांचे आत्मचरित्र १९९२ साली, त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, पुस्तकरूपाने निघाले. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. पाच नियमांचा ग्रंथ मात्र काशीच्या कितीतरी आधीचा, एकोणचाळिशीच्या उमेदीतला आहे. त्याची दुसरी आवृत्ती १९५७ साली निघाली, तेव्हा काशीचे ते दिवस होऊन गेले होते. नियम पाचच राहिले.

कदाचित यामागे त्यांची एक निष्ठा असेल. सेवा करणाऱ्याने आपले श्रम सेव्याच्या नजरेस पडू देऊ नयेत, हा आपल्याकडे फार जुना संस्कार आहे. देवळातील समई कोणी घासली हे भक्ताला कळू नये, तसे. त्या संस्काराचे सौंदर्य मला मान्य आहे. पण त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. रंगनाथनांसारख्या प्रज्ञावंताने आपला शीण झाकला तर त्याचे तप होते. मंद दिव्याखाली चिठ्ठ्या लिहिणाऱ्या परिचराने झाकला तर त्याच्या नावावर फक्त चूक उरते.

आज विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून कार्डांचे खण बहुतेक नाहीसे झाले आहेत. तालिका संगणकावर गेली, शोधप्रबंध घरबसल्या वाचता येतात, आणि वाचकाचा वेळ वाचवण्याच्या चौथ्या नियमाने असा दिग्विजय केला आहे की ज्याची कल्पना १९३१ साली करणे अवघड होते. आता ग्रंथपालाची गरजच काय, असा प्रश्न अधिकारी मंडळी विचारू लागली आहेत, आणि रिकाम्या झालेल्या जागा रिकाम्याच राहताना आपण पाहतो. ग्रंथपालाचे काम म्हणजे शिक्के आणि चिठ्ठ्या, एवढेच आपल्याला ठाऊक असेल, तर या प्रश्नाला उत्तर नाही. ते काम म्हणजे एका विशिष्ट माणसाची एका विशिष्ट पुस्तकाशी गाठ घालून देणे होय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर शोधावे लागणार नाही. ते ठाऊक करून देणारा ग्रंथ आपल्यापाशी आहे. तो परीक्षेनंतरही वाचला जावा.

आणि वाचताना त्यात नसलेला एक माणूस वाचकाने आपल्या मनाने त्यात बसवावा. त्या काव्यसंग्रहावर नवी चिठ्ठी डकवताना त्या वृद्ध गृहस्थांनी आकडे दोनदा ताडून पाहिले होते, मग चष्मा काढून पुसला आणि मला अंक मोठ्याने वाचावयास सांगितला. मी वाचला. त्यांनी मान डोलावली आणि पुस्तक माझ्या नावावर लिहून घेतले. तारखांच्या कोऱ्या कागदावर पहिला शिक्का त्या दिवशी पडला.